ट्रॉयचं सोनं आणि फोटोखालची ओळ

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ट्रॉयवरचा लेख वाचला. लिहिलाय झकास, वाचता वाचता चहा गार झाला. पण दागिने घातलेल्या बाईंच्या जुन्या फोटोखाली 'हेलनचे दागिने' असं बिनधास्त छापलंय (हेलन म्हणजे जिच्यासाठी ट्रॉयचं युद्ध झालं म्हणतात ती राणी), ते बघून राहवेना म्हणून हे पत्र.

आधी छोटी चूक. सैनिक पोटात लपवून ट्रॉयमध्ये नेलेला तो लाकडी घोडा ग्रीक कवी होमरच्या इलियड महाकाव्यात नाहीये हो! इलियड ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यविधीपाशी संपतं, तोवर त्याला मारणारा ग्रीक वीर अकिलीसही जिवंत आणि शहरही उभं. घोडा येतो होमरच्याच ओडिसीत, तोही मागची आठवण म्हणून, आणि खरा रंगवून सांगितला तो रोमन कवी व्हर्जिलने, कितीतरी शतकांनी.

आता दागिने. फोटोतल्या बाई म्हणजे ट्रॉय खणून काढणाऱ्या जर्मन हाइनरिक श्लीमानची बायको सोफिया. १८७३ च्या मे महिन्यात त्या खोदकामात सोनं सापडलं तेव्हा बायकोने ते शालीत गुंडाळून नेलं असं श्लीमानने छापून सांगितलं, आणि बाई तेव्हा होत्या अथेन्समध्ये, वडील वारले म्हणून गेलेल्या. थाप ती थाप, वर ते सोनं तुर्कांच्या नकळत देशाबाहेर काढलं, कोर्टकचेरी झाली, पैसे भरून सुटला. पुढे सोनं बर्लिनला गेलं, १९४५ मध्ये रशियन सैन्याने उचललं, आणि मॉस्कोच्या पुश्किन म्युझियमने ते लोकांना दाखवलं थेट १९९६ मध्ये.

पण खरी गंमत वेगळीच आहे. आपल्याकडे गावाशेजारी पांढरीचं टेकाड असतं ना, पिढ्यानपिढ्या घरं पडली, त्यावर नवी बांधली असं वाढत गेलेलं, तसंच ट्रॉयची जागा म्हणतात ते तुर्कस्तानातलं हिसार्लिकचं टेकाड. (हिसार म्हणजे किल्ला, हरियाणातलं हिसार तेच.) एकावर एक नऊ शहरं. श्लीमानला वाटलं होमरचं ट्रॉय तळाशी असणार, म्हणून मधोमध भलामोठा चर मारून वरचं सगळं उपसून फेकलं आणि सोनं काढलं दुसऱ्या थरातून. तो थर निघाला इ.स.पू. २४०० च्या आसपासचा, म्हणजे परंपरेने सांगितलेल्या युद्धाच्याही हजारेक वर्षं आधीचा. कुठली हेलन न् कुठलं काय! ज्या शहरासाठी आला त्यातूनच खणत खाली गेला की हा माणूस. अर्थात सगळं खापर त्याच्यावरच फोडायला नको, त्याच्या आधी ग्रीक-रोमन लोकांनीही अथेनाचं देऊळ बांधताना टेकाडाचा माथा तासला होताच.

आणि 'ट्रॉय शोधणारा श्लीमान' हेही अर्धवटच. त्या टेकाडाचा काही भाग फ्रँक कॅल्व्हर्ट नावाच्या माणसाच्या मालकीचा होता, त्याने आधीच तिथे थोडं खणलं होतं आणि १८६८ मध्ये भेटलेल्या श्लीमानला ट्रॉय इथेच आहे म्हणून त्यानेच पटवलं. लेखात त्याचं नावसुद्धा नाही.

मग युद्ध झालंच नाही का? तसंही नाही. सहाव्या थराची उतरती दगडी तटबंदी अजून बघायला मिळते, ते शहर बहुधा भूकंपात पडलं. त्यानंतरच्या थरात ब्लेगेन या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाला १९३० च्या दशकात तटाच्या आत दाटीवाटीने बांधलेली घरं सापडली आणि जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मोठाले रांजण, वर दगडी झाकणं. वेढ्याच्या भीतीने धान्य भरून ठेवलेलं, असं त्याने मानलं. मला त्या सोन्यापेक्षा हे रांजण जास्त बोलके वाटतात. ते शहर इ.स.पू. ११८० च्या सुमारास जळलं. शिवाय त्या काळी तुर्कस्तानात राज्य करणाऱ्या हित्ती राजांच्या मातीच्या पाट्यांवर विलुसा नावाचं राज्य येतं, बऱ्याच अभ्यासकांच्या मते ते म्हणजेच इलियॉस (ट्रॉयचंच दुसरं ग्रीक नाव), आणि तिथल्या एका राजाचं नाव अलाक्सांदु. हेलनला पळवून नेणारा ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस, त्याचं दुसरं नाव अलेक्झांड्रॉस! म्हणून हाच तो, असं नव्हे, पण वाचताना अंगावर काटा येतो. माझ्या मते तिथे लढाया एक सोडून चार झाल्या असतील, दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या तोंडावरची जागा, कुणाला नको असेल? बाईसाठी झाल्या का, ते होमरला माहीत.

असो. दुरुस्ती छापणार असाल तर कॅल्व्हर्टचं नाव घाला, आणि फोटोखाली एवढंच: 'सोफिया श्लीमान, हेलनच्या कितीतरी पिढ्या आधीच्या कुणा अनोळखी बाईच्या दागिन्यांत'.

आपला,
एक जुना वाचक