प्राणायामाचा सल्ला देण्याआधी

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या आयांवरचा लेख वाचला. ‘आई शांत तर मूल शांत, म्हणून मातांनी प्राणायाम करावा, छंद जोपासावा,’ हे वाचून गप्प बसवेना.

माझा नातू ९ वर्षांचा आहे. मनाविरुद्ध काही झालं की स्वतःचं मनगट चावतो. तिथे आता घट्टा पडलाय. अडवायला गेलं तर आईच्या दंडाला चावतो. माझी मुलगी ऐन मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा कुडता घालते, ते वळ झाकायला. कुकरची शिट्टी त्याला सोसत नाही, म्हणून आमच्याकडे वरण-भात पातेल्यात शिजतो. रात्री अडीचला तो उठला की उजाडेपर्यंत ती जागी. “आज आवरत नाहीये, घेऊन जा,” असे शाळेचे फोन येऊन येऊन तिने नोकरी सोडली. प्राणायाम कधी करायचा, तेही लेखकांनी सांगावं.

मध्यंतरी एका लग्नात बँड सुरू झाला आणि त्याने फरशीवर डोकं आपटायला सुरुवात केली. मुलगी त्याच्या डोक्याखाली हात धरून बसली होती. मागून एक बाई म्हणाल्या, “आईनेच लाडावून ठेवलंय.” घरी आल्यावर तिने मला विचारलं, “आई, माझंच काही चुकतंय का गं?” तुमच्या लेखाने तिला पुन्हा त्याच प्रश्नापाशी नेलं.

आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होतं, असं अमेरिकेत मुलांच्या मानसिक उपचारांची शाळा चालवणारे ब्रूनो बेटलहाइम १९६७ मध्येही लिहीत होते. त्याआधीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलंड यांनी ते खोडून काढलं होतं; ते स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि अशाच मुलाचे वडील. आई खचते ती या चावण्या-आपटण्याने, मोडलेल्या झोपेने आणि मदतीला कुणी नसल्याने. तिला नैराश्य आलं असेल तर डॉक्टर हवा, छंद नव्हे. मुलाच्या वर्तनासाठी परवडेल असा थेरपिस्ट हवा, आणि चार तास त्याला विश्वासाने सोडता येईल अशी जागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. तो आपल्या राज्यात किती घरांपर्यंत पोचला, हे तुमच्या वार्ताहरांनी शोधावं.

आणखी एक. आमच्या चौकात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला रात्री बाराला फटाक्यांच्या माळा लागतात. रात्री दहानंतर आवाजाचे फटाके वाजवायला नियमाने बंदी आहे. तुम्ही त्याच वाढदिवसांच्या पानभर जाहिराती छापता. त्या नियमाची बातमीही एकदा छापा.

— एक आजी, डोंबिवली