विम्याच्या सक्तीविरुद्ध आमदारांना पत्र, सगळ्यांनी वाचा

मंडळी, न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या सगळ्या मेंबर्सनी हे वाचाच. बंदूक मालकांनी १० लाख डॉलरचा लायबिलिटी विमा (आपल्या बंदुकीमुळे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा) काढलाच पाहिजे अशी बिलं इथल्या विधिमंडळात २०१३ पासून पुन्हा पुन्हा मांडली जातायत, आणि आपण प्रत्येक वेळी गप्प बसलो तर एक दिवस ते पास होईल. त्यामुळे आपल्या स्टेट सेनेटरला आणि असेंब्ली मेंबरला या आठवड्यातच पत्र किंवा फोन करा.

मुद्दा काय मांडायचा? विमा अपघाताचा असतो, मुद्दाम केलेल्या गोळीबाराचे पैसे विमा कंपनी देत नाही, म्हणजे ज्या गुन्ह्यांच्या नावाने हे बिल आणतात त्यांना ते हातच लावत नाही आणि चोरीची बंदूक घेऊन फिरणारा काही पॉलिसी काढायला जाणार नाहीये. भुर्दंड पडणार तो लायसन्स काढून, बंदूक कुलपात ठेवणाऱ्या माणसाला, त्यातही कमी पगारवाल्याला. स्वतःच्या घराच्या रक्षणाचा हक्क प्रीमियम परवडणाऱ्यांपुरताच ठेवायचा हे मला अजिबात पटत नाही.

न्यू जर्सीने डिसेंबर २०२२ मध्ये कॅरी परमिटवाल्यांना (म्हणजे बंदूक सोबत घेऊन फिरण्याचा परवाना असलेल्यांना) ३ लाख डॉलरच्या विम्याची सक्ती केली होती, ती फेडरल कोर्टाच्या जज रेने बम यांनी मे २०२३ मध्ये रोखली, हे पत्रात जरूर लिहा. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये मात्र १ जानेवारी २०२३ पासून अशी सक्ती लागू झाली.

भाषा सभ्य ठेवा प्लीज, कॉपी-पेस्ट नको, स्वतःच्या शब्दांत चार ओळी पुरेत. पत्र पाठवलं की ग्रुपवर कळवा.