समुद्रातला जिओटॅग फोटो कॉलेजला चालत नाही

मा. संपादक,
स. न.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात इंटर्नशिपवर पान होतं, हिंजवडी, खराडी, स्टायपेंड किती, लॅपटॉप देतात का वगैरे. छान होतं पण सगळं ऑफिसातलंच. मी यावर्षी इंटर्नशिप जहाजावर केली, समुद्र संशोधनाच्या, गोव्याहून निघून अरबी समुद्रात तीन आठवडे, आणि माझ्या कॉलेजनी ती अजून धरलेली नाहीये म्हणून लिहितीये.

एमएस्सीला आता ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, कंपल्सरी आहे, चार क्रेडिटचं. कॉलेजचा फॉर्म असा की रोजचा इन टाइम आउट टाइम, सही, कंपनीचा शिक्का, आणि दर शनिवारी कामाच्या जागेवरचा जिओटॅग फोटो ग्रुपवर टाकायचा. आता भर समुद्रात मोबाइलला रेंज कुठून येणार. परत आल्यावर सगळे फोटो एकदम टाकले तर पत्त्याच्या जागी नुसते अक्षांश-रेखांश आणि मॅप म्हणजे निळा चौकोन. मॅडम म्हणाल्या, "अगं यात लोकेशन कुठे दिसतंय?" म्हणलं मॅडम, तेच लोकेशन आहे.

दुसरं म्हणजे वेळ. जहाज चोवीस तास चालतं, माझी वॉच, म्हणजे पाळी, १२ ते ४, म्हणजे दुपारी १२ ते ४ आणि परत रात्री १२ ते ४. फॉर्ममध्ये एका दिवसाला एकच रकाना, म्हणून मी दुपारचं लिहिलं आणि रात्रीचं बाजूला पेनानी, तर रोजचा हाफ डे लावला! रात्री कसली इंटर्नशिप म्हणे.

रात्री काय करायचो ते सांगते. जहाज एका जागी थांबवून विंचनी सीटीडी खाली सोडतात, म्हणजे खारटपणा, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र, त्याच्याभोवती गोल चौकटीत उभ्या बाटल्या. २००० मीटर खाली जायलाच अर्धा तास लागतो, वर येताना ठरलेल्या खोलीवर थांबून एकेक बाटली बंद करायची. डेकवर घामाच्या धारा आणि तळाची बाटली हाताला फ्रिजमधल्यासारखी गार. पहिलं सॅम्पल ऑक्सिजनचं, कारण हवा लागली की आकडा चुकतो. नळी काचेच्या बाटलीच्या बुडाशी धरून पाणी वाहू द्यायचं, एकही बुडबुडा नको, मग दोन केमिकल घालून बूच लावून हलवायचं. ऑक्सिजन असला की तपकिरी साका बसतो. वरच्या पाण्याचा तपकिरी आला, ३०० मीटरचा पांढराफटक. मला वाटलं मीच घोळ घातला (आदल्या रात्री बुडबुडा राहिला म्हणून बोलणी खाल्ली होती), पण सिनियर म्हणाले बरोबर आहे, अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळपास नसतोच. पुस्तकात हे दोनदा वाचलं होतं पण रात्री अडीचला हातातल्या बाटलीत बघणं वेगळंच. पहिले दोन दिवस बोट लागली म्हणून अव्होमिनची गोळी घेऊन बंकमध्ये पडून होते, ते मात्र खरंच हाफ डे लावा.

नातेवाईक विचारतात पुण्यात समुद्र कुठे, हे कुठून डोक्यात आलं. अहो, हवामान खात्याच्या शिमला ऑफिसवरून रोज जाता ना, मान्सूनचा अंदाज सांगणारे तिथेच बसतात. पाषाणला आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत कॉम्प्युटरवर मान्सूनची मॉडेल चालतात, त्यांना समुद्राचं तापमान लागतं, सॅटेलाइटला फक्त वरचा थर दिसतो, खालचं कोणीतरी जाऊनच मोजावं लागतं, नाहीतर तिथे फ्लोट, म्हणजे आपोआप खाली-वर जाऊन मोजणारी यंत्रं, सोडावे लागतात. खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएस या जल संशोधन केंद्रात बंदरांची छोटी मॉडेल बांधून लाटा सोडतात, तेही पुण्यातच.

फॉर्म वाईट आहे असं नाही, पोरं खोटी सर्टिफिकेट आणतात म्हणून केला असणार. पण जहाजावर क्रूझ लॉग असतो, कुठल्या स्टेशनला, म्हणजे मोजायला थांबायच्या जागेला, किती वाजता कोण होतं सगळं त्यात लिहिलेलं असतं, चीफ सायंटिस्टची सही असते. जिओटॅगऐवजी तो चालवून घ्या एवढंच मागणं आहे, जहाजच काय, जंगलात कॅमेरे लावायला किंवा खाणीत जाणाऱ्यांचीही हीच अडचण असणार. मी अर्ज दिलाय, कमिटीपुढे ठेवतो म्हणालेत. तोपर्यंत माझ्या मार्कशीटवर ओजेटीसमोर पेंडिंग.

एक विद्यार्थिनी, सिंहगड रोड, पुणे