काका, रचलेला एकही दगड हललेला नाही

ती. काकांस,
सा. न.

आपल्या चार फुटी टाकीत आफ्रिकन सिक्लिड मासे छान रुळलेत. त्यांतल्या यलो लॅब या पिवळ्या जातीच्या एका मादीने तर तोंडात अंडी धरली आणि पिल्लं सोडली, तीही तुम्ही दगड रचताना मागच्या बाजूला मुद्दाम ठेवलेल्या फटीत. तेव्हाच ठरवलं की तुमचे आभार चारचौघांत मानायचे. सोसायटीत भेटलात की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघडं पत्र.

मी दगड मागवले तेव्हा माझ्या डोक्यात फक्त देखावा होता. या माशांचं मूळ घर म्हणजे आफ्रिकेतलं मलावी सरोवर, त्याचे फोटो पाहिलेले, तळाशी खडकांच्या राशी आणि त्यांतून डोकावणारे निळे-पिवळे मासे. तसल्या व्हिडिओंत शेवटची चकचकीत टाकी दाखवतात, पण दगड बुडाशी कशावर बसलाय ते कुणी दाखवत नाही. तुम्ही आलात ते थेट टाकीखाली वाकून स्टँडला लेव्हल लावायला. चार बाय दीड बाय दीड म्हणजे नुसतं पाणीच अडीचशे किलोच्या घरात जाणार, वर दगड, वाळू आणि काच वेगळी. बीमवरची भिंत कुठली हे विचारून तुम्ही टाकी खिडकीपासून हलवायला लावलीत. हॉलची शोभा गेली म्हणून घरात थोडी कुरकुर झाली, ती तुमच्या कानावर गेली नसेल अशी आशा आहे.

मग दगड. सासवडच्या बांधावरून आणलेला आपला काळा पाषाण. साबण न लावता नुसत्या पाण्याने आणि ब्रशने घासायचा, आणि उकळायचा अजिबात नाही, कारण आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली तर दगड फुटू शकतो. दोन दगडांत पांढरे स्फटिक होते, त्यांवर तुम्ही व्हिनेगर टाकलंत. एक फेसाळला, म्हणजे त्यात चुना होता, तो पाण्यात उतरून पाणी जड करणार. मी तो बाजूला काढायला लागलो तर म्हणालात, "राहू दे, या माशांना जड पाणीच लागतं. निऑन टेट्रासारखे हलक्या पाण्यातले मासे ठेवणार असतास तर बाहेर काढला असता." मलावीचं पाणी अल्कधर्मी, पीएच साधारण पावणेआठ ते साडेआठ, हे मी वाचलेलं होतं. त्याचा संबंध हातातल्या दगडाशी लावून दिलात तुम्ही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वाळू नंतर. मी वाळूची पिशवी फोडायलाच निघालो होतो. सिक्लिड रात्रंदिवस तोंडाने वाळू उकरतात, दगड वाळूवर बसवला तर त्याच्या पायाखालची जमीन तेच काढून घेणार. म्हणून आधी बुडाच्या काचेवर ट्यूबलाइटच्या चौकटीत असते तसली प्लास्टिकची जाळी, तिच्यावर थेट दगड, आणि मग सभोवार वाळू. पाण्याचा भार काचेवर सगळीकडे सारखा पसरतो, पण दगडाचं टोक एकाच जागी टेकतं आणि काच तिथेच तडकते. जाळीने ते टोक काचेला भिडत नाही.

तुमची दगड लावण्याची पद्धत मात्र वेगळीच. टाकीच्या काठावर गोणपाटाची घडी, माझ्या बोटातली अंगठी काढायला लावलेली, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने खालून हात द्यायचा. प्रत्येक दगड चारही बाजूंनी फिरवून त्याची बैठक शोधायची. तीन ठिकाणी टेकला तर ठेवायचा, दोनच ठिकाणी टेकून डुलला तर पुन्हा बाहेर. वरून तळहाताने दाबायचं, बाजूने ढकलायचं. कणकवलीकडे लहानपणी गडगे, म्हणजे दगडांची कुंपणं, घातलेत, तिथे चुना-सिमेंट नसतं, दगडाने दगड धरायचा, असं तुम्ही सांगत होता. त्यातही गडग्याला लावतात तशी कपची इथे नुसती खोचायची नाही, मासे ती उकरून काढतील, ती सिलिकॉनने चिकटवायची, हे लगेच जोडलंत. सिलिकॉन बुरशीरोधक औषध नसलेलं, दगड कोरडा आणि धूळ पुसलेला, आणि आंबट वास पुरता जाईपर्यंत पाणी नाही. मला वाटलं होतं सगळंच चिकटवून टाकू. तुम्ही फक्त कपच्या आणि माथ्याचा दगड चिकटवू दिलात. रचना मुळात डुगडुगत असेल तर सिलिकॉनवर भरवसा ठेवू नये, हे आता मलाही पटलंय.

हे सगळं कोरड्या टाकीत का, याचं तुम्ही दिलेलं कारण मी आता सगळ्यांना ऐकवतो. बारा किलोचा दगड पाण्यात गेला की आठच किलोचा वाटतो. साफसफाईला पाणी उपसलं की उघड्या पडलेल्या दगडाचं पूर्ण वजन परत खालच्यावर येतं, आणि कच्ची रास नेमकी तेव्हा सरकते. कोरडी उभी राहिली तर भरल्यावर राहणारच.

मागच्या काचेपासून हाताचा पंजा जाईल एवढी जागा सोडायला लावलीत, तिचा उपयोग शेवाळ खरवडताना दर वेळी होतो. पाणी खेळतं राहतं म्हणून मागे घाणही साचत नाही. हीटर दगडांपासून लांब, पडलाच एखादा तर त्याच्यावर पडू नये म्हणून. एवढं सगळं करून तुम्ही घेतलंत काय, तर अर्धा कप बिनसाखरेचा चहा.

एक विनंती उरली आहे. भाचा तीन फुटी टाकी आणतोय आणि ती टीव्हीच्या शोकेसवर ठेवीन म्हणतो. प्लायवूड आहे, खाली मधे टेकू नाही. माझं ऐकत नाही. येत्या रविवारी त्याला तुमच्याकडे पाठवतो, दगड आणण्याआधीच.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी