बोट खाली घेताना

लीड्स,
रविवार, रात्री

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आईचा गुडघा कसा आहे? फोनवर ती "बरंय" म्हणते, म्हणजे बरं नसणार. इथे जुलैतही काल कोटाखाली स्वेटर घालून पंचगिरी केली. तुमची मुंबईतली भर पावसातली कांगा लीग आठवली, फक्त चिखल तेवढा नव्हता.

फोनवर बोललो नाही ते लिहितो. तीन आठवड्यांपूर्वी एका पोराला मी चुकीचं पायचीत दिलं. टप्पा लेग स्टंपच्या बाहेर होता. पायचीतचा छत्तिसावा नियम तुम्ही मी शाळेत असताना घोकून घेतला होतात, तरी बोट वर गेलं. पोरगा चकार शब्द न बोलता बॅट काखेत मारून निघाला. तो पाच-सहा पावलं गेला आणि टप्पा माझ्या डोळ्यांपुढे लख्ख उभा राहिला. पंचाला निर्णय बदलता येतो, पण लगेच. मी मात्र गप्प उभा राहिलो. चुकलो याची एवढी लाज नाही वाटत, गप्प राहिलो याची वाटते.

दुसऱ्या डावात त्याहून वाईट. समोरच्या संघातल्या एकाच्या पॅडवर चेंडू आदळला, जोरदार अपील झालं आणि मनात आलं, देऊन टाक, फिटंफाट. नाबाद दिलं. पण तो विचार आलाच कसा, हे रात्रभर डोक्यात होतं.

माझ्या जोडीचे पंच सत्तरी ओलांडलेले, निवृत्त पोस्टमन. चहाच्या वेळी काही बोलले नाहीत. घरी सोडताना गाडीत एवढंच विचारलं, "गोलंदाजाचा पाय पडल्यावर तुझी नजर किती वेळ खाली असते?" मेख तिथेच होती. नोबॉल सुटेल या धास्तीने मी क्रीजकडेच बघत राहायचो. मान वर होईतो टप्पा पडून गेलेला, मग उरलेलं अंदाजपंचे. आता दर मंगळवारी नेट्समध्ये स्टंपांमागे नुसता उभा राहतो. पाय, चेंडू, पाय, चेंडू. पोरं हसतात, हसू देत.

काल गोलंदाजाने स्वतःच्याच चेंडूवर पुढे सूर मारून झेल घेतला. मी बोट वर केलं. तेवढ्यात स्क्वेअर लेगवरून आमचे पोस्टमन मान हलवत आले. चेंडू गवताला टेकला होता, मला गोलंदाजाच्या पाठीमुळे दिसलंच नाही. निर्णय फिरवला. त्याची खूण तुम्हाला ठाऊकच आहे, उजवा हात डाव्या खांद्याला, डावा उजव्या. शाळेत उठाबशा काढताना कान धरायचो अगदी तसं! कर्णधार धुसफुसला. आमच्या लीगमध्ये सामन्यानंतर कर्णधार पंचांना गुण देतात, तेव्हा माझे काय झाले असतील ते कळलंच असेल.

मध्यंतरी बार्न्सलीला इंग्लंडचा नामवंत पंच डिकी बर्ड याचा पुतळा पाहून आलो, बोट वर केलेला. लोक त्या बोटाला काहीबाही लटकवायचे, म्हणून चौथरा उंच करावा लागला म्हणे. १९९६ ची लॉर्ड्सची गोष्ट तुम्ही कितीदा सांगायचात! पंच म्हणून त्याची शेवटची कसोटी, दोन्ही संघांची मानवंदना, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी, आणि पहिल्याच षटकात श्रीनाथच्या चेंडूवर इंग्लंडचा आथर्टन पायचीत. पाणावल्या डोळ्यांनीही चेंडू दिसला त्याला.

बाबा, आझाद मैदानावर, शेजारच्या सामन्याचा फाइन लेग तुमच्या पाठीला खेटून उभा असताना, तुम्ही कधी वर केलेलं बोट खाली घेतलं होतंत का? खरं लिहा. आईलाही विचारणार आहे.

तुमचा,
धाकटा