विषय: फोटोवरून दिलेला चुकीचा दंतसल्ला आणि उपकरणाचे पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

माझ्या 8 वर्षांच्या मुलीचे हसरे फोटो मी तुमच्या ॲपवर पाठवले होते. पटाशीच्या वरच्या दोन दातांमधली फट ‘ताबडतोब दुरुस्त करायला हवी’ असं तुमच्या सल्लागाराने कळवलं आणि रात्री तोंडात घालायचं सिलिकॉनचं तयार उपकरण घ्यायला लावलं. ते घातल्यावर तिचे दात ठणकू लागले. त्यावर तुमचं उत्तर एवढंच, ‘सवय होईल.’

शेवटी ऑर्थोडॉन्टिस्टना, म्हणजे दात आणि जबड्यांची ठेवण सुधारणाऱ्या दंततज्ज्ञांना, दाखवलं. या वयात अशी फट बहुतेकदा नैसर्गिक असते आणि 11-12 व्या वर्षी वरचे सुळे उतरले की सहसा आपोआप मिटते, असं त्यांनी सांगितलं. तिच्यावर फक्त लक्ष ठेवायचं होतं.

खरा दोष भलताच निघाला. एका बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात, त्यामुळे तोंड मिटताना तिचा खालचा जबडा बाजूला सरकतो. हे असंच चालू राहिलं तर जबड्याची वाढ वाकडी होऊ शकते. तोंडातल्या टाळूच्या मधोमध असलेला हाडांचा सांधा लहानपणी पक्का जुळलेला नसतो, म्हणून आत्ता प्लेट लावून वरचा जबडा रुंद करता येतो. मोठेपणी त्याच कामाला शस्त्रक्रियाही लागू शकते. हसऱ्या फोटोत हे दिसणार कसं? त्यासाठी मुलाला समोर बसवून, तोंड उघडमीट करायला लावून बघावं लागतं, गरजेप्रमाणे एक्स-रे काढावा लागतो. थांबण्यासारखं होतं तिथे तुम्ही घाई केलीत आणि ज्याला उशीर परवडणार नाही ते तुम्हाला दिसलंही नाही. याचा मला फार संताप आहे.

मुलांचे दात वेळेत तपासावेत हे मलाही पटतं. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना पहिली तपासणी 7 व्या वर्षापर्यंत करायला सांगते. पण लवकर तपासलेल्या प्रत्येक मुलाला लवकर उपचार लागतात असं मुळीच नाही. तुमची जाहिरात मात्र पालकांना नेमकं तेच भासवते.

उपकरणाची पूर्ण रक्कम परत करा. सल्ला देणारी व्यक्ती नोंदणीकृत दंतवैद्य होती का, ते लेखी कळवा. मुलीचे फोटो तुमच्याकडच्या नोंदींमधून काढून टाका. आणि प्रत्यक्ष तपासणीशिवाय लहान मुलांसाठी हे उपकरण विकणं थांबवा.

आपली,
एक पालक