चार लग्नांपेक्षा तो अंत्यविधी मोठा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील प्रेमपटांवरच्या लेखात ‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल’ची बोळवण ‘ह्यू ग्रँटचा गोड सिनेमा’ अशी एका ओळीत केली आहे. ती मला फार लागली.

१९९४ सालचा हा ब्रिटिश चित्रपट ३० लाख पौंडांहून कमी खर्चात, जेमतेम सहा आठवड्यांत चित्रित झाला. पैशांची इतकी ओढाताण, की लग्नातल्या पाहुण्यांचे काम करणाऱ्या अनेक एक्स्ट्रांनी स्वतःचेच सूट घालून यायचे होते! पुढे त्याने जगभरात २४ कोटी डॉलरच्या वर कमाई केली आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी त्याला नामांकनही मिळाले.

पण त्याची खरी ताकद रिचर्ड कर्टिसच्या पटकथेत आहे. यातला नायक (ह्यू ग्रँट) आणि त्याची मित्रमंडळी आपल्याला भेटतात ती जवळजवळ लग्नकार्यांतच. कोण काय नोकरी करतो, हेही धड कळत नाही. तरी कोण कोणावर जीव टाकते, कोण मनातल्या मनात झुरते, हे मांडवातल्या नजरानजरेतून उमगत जाते. क्रिस्टिन स्कॉट थॉमसची फिओना नायकावरचे आपले प्रेम किती साधेपणाने सांगून टाकते, ते आठवावे. नायकाचा कर्णबधिर भाऊ डेव्हिड केवळ सहानुभूतीसाठी आणलेला नाही. शेवटच्या लग्नात भर चर्चमध्ये खाणाखुणांच्या भाषेत हरकत घेऊन कथेला वळण देतो तो तोच, आणि ही भूमिका डेव्हिड बॉवर या कर्णबधिर अभिनेत्याने केली आहे.

आणि तो अंत्यविधी! तिसऱ्या लग्नाच्या ऐन धामधुमीत या कंपूतला गॅरेथ कोसळतो आणि जातो. टेम्सकाठच्या वेस्ट थरॉकमधल्या जुन्या चर्चमध्ये, कारखान्याच्या सावलीत, त्याचा जोडीदार मॅथ्यू कवी डब्ल्यू. एच. ऑडेनची कविता वाचतो. मॅथ्यू झालेल्या जॉन हॅनाने ती रडून-भेकून नाही, तर शब्द सांभाळत, कसाबसा तोल राखत वाचली आहे. लग्नाच्या नावाने पळ काढणाऱ्या या कंपूला तेव्हा कळते, की आपल्यातली दोघे तर कधीचीच संसार करत होती. दोन पुरुषांच्या प्रेमाला १९९४ च्या लोकप्रिय विनोदी चित्रपटात एवढा मान मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. त्यानंतर इंग्लंडमध्ये ऑडेनच्या प्रेमकवितांची छोटी पुस्तिका निघाली आणि ती धडाधड खपली.

आपल्या पुरवणीत या पटकथेवर एक स्वतंत्र, सविस्तर लेख यावा, ही विनंती.

— एक वाचक, पुणे